लखोट्यातला जीव

पुण्याजवळ, पवना नदीच्या एका काठाला चिंचवडगाव आणि मोरया गोसावींची समाधी, पूल ओलांडला की थेरगाव. उन्हाळा लागल्यावर या पुलावरून खाली पाहिलं तर नदीऐवजी कुरण दिसतं. फुगीर देठांच्या जाड पानांनी पात्र काठोकाठ भरलेलं असतं आणि महापालिकेच्या कंत्राटदाराची माणसं ती पानं ओढून काठावर ढीग रचत असतात. ही जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या जांभळ्या फुलांवर भाळलेल्या हौशी लोकांनी तिला बंगालमध्ये आणलं आणि तिथून ती देशभरच्या तळ्यानद्यांत शिरली. थेरगावच्या बोट क्लबला दर वर्षी जो ताप होतो, त्याचं मूळ कुणाच्या तरी बागेच्या हौसेत आहे.

या पुलापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, डांगे चौकाकडच्या एखाद्या सोसायटीत, पोस्टमन एक पाकीट ठेवून जातो. आत टोमॅटोचं बी आहे, वजन जेमतेम एक ग्रॅम. एका ग्रॅममध्ये साधारण तीनशे बिया मावतात, म्हणजे गच्चीवरच्या बागेला पुरून शेजाऱ्यांना वाटण्याइतक्या. हे पाकीटही बागेच्या हौसेतूनच आलंय. फरक इतकाच की जलपर्णी आली तेव्हा तिला कुणी अडवलं नाही, आणि आज या एका ग्रॅमच्या वाटेत यंत्रं, कायदे, शिक्के आणि संशय उभे आहेत. त्यातलं काय खरोखर बियाण्याला मारतं आणि काय नुसतं घाबरवतं, ते या प्रकरणात पाहू.

यादी, व्ही.पी. आणि विश्वास

पोस्टानं बी मागवणं आपल्याकडे जुनं आहे. मुंबईत भायखळ्याची नामदेव उमाजी ही पेढी १८८० सालची, पुण्याची पेस्तनजी पोचा आणि सन्स १८८४ सालची. फुलकोबी, पान्सी, फ्लॉक्स, स्वीट पी असलं बी तालुक्याच्या बाजारात मिळण्याचा काळ नव्हता. गिऱ्हाईक यादी मागवणार, यादी पाहून पत्र टाकणार आणि बी घरपोच येणार, असा हा व्यवहार. त्याला पोस्टाच्या एका सोयीनं मोठा हात दिला. १८७७ साली भारतीय टपालखात्यानं ‘व्हॅल्यू पेएबल पोस्ट’ सुरू केलं. लोकांच्या तोंडी ती झाली ‘व्ही.पी.’. पैसे पोस्टमनच्या हातात ठेवायचे आणि मगच पाकीट घ्यायचं. विकणाऱ्याला घेणाऱ्याचं तोंड दिसत नव्हतं, घेणाऱ्याला दुकान दिसत नव्हतं, मधला भरवसा पोस्टाचा.

पुढे १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो रचला श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसानं. टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी, असं दुर्मीळ मिश्रण त्यांच्यात होतं. थेरगावचा पिन ४११०३३. पहिला ४ महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या विभागाचा, ४११ पुण्याच्या वर्गवारीचा आणि शेवटचे तीन आकडे वाटपाच्या कार्यालयाचे. पाकीट कुठे जायचं हे सहा आकड्यांत ठरू लागलं. पाकिटात काय आहे, हे मात्र त्या आकड्यांना ठाऊक नसतं.

आणि अडचण तिथेच आहे. पोस्टाच्या लेखी जग दोन भागांत विभागलेलं आहे: कागद आणि वस्तू. बी या दोन्हींत बसत नाही. ते जिवंत आहे. निजलेलं असलं तरी श्वास घेतं, साठवलेलं अन्न कणाकणानं खर्च करतं, म्हातारं होतं.

म्हातारपणाचा हिशोब

बियाण्याच्या म्हातारपणाचा एक ढोबळ हिशोब जेम्स हॅरिंग्टन या अमेरिकन बीजशास्त्रज्ञानं घालून दिला. बियाण्यातली ओल एका टक्क्यानं कमी झाली की त्याचं आयुष्य दुप्पट होतं. साठवणीचं तापमान सुमारे ५ अंश सेल्सियसनं उतरलं की पुन्हा दुप्पट. उलट्या दिशेनं गेलं की दर पायरीला निम्मं.

हा नियम पोस्टाच्या थैलीला लावून पाहा. घरात २५ अंशांत ठेवलेलं पाकीट मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ४५ अंशांत पडलं, तर मध्ये २० अंशांचा, म्हणजे चार पायऱ्यांचा फरक पडला. चार वेळा निम्मं म्हणजे सोळावा हिस्सा. तिथे काढलेला एक आठवडा घरातल्या सोळा आठवड्यांएवढा. चांगल्या सुकवलेल्या भेंडीला हे चालून जाईल. कांद्याच्या बियांना नाही, कारण कांद्याचं बी मुळातच अल्पायुषी, एका हंगामापलीकडे त्याचा भरवसा धरत नाहीत.

ओलीचं गणित आणखी नाजूक. सरकारी प्रमाणकांत टोमॅटो, वांगी आणि मिरचीच्या बियाण्याला ओलीच्या दोन मर्यादा दिल्या आहेत. साध्या पिशवीत भरायचं तर ८ टक्क्यांपर्यंत चालते. वाफ आत न शिरणाऱ्या, हवाबंद पाकिटात भरायचं तर ६ टक्क्यांच्या वर नको. म्हणून चांगले विक्रेते बी आधी नीट सुकवतात आणि मग चांदीच्या कागदाच्या पाकिटात सील करतात. आषाढ-श्रावणातल्या पुण्याच्या दमट हवेत ते सील म्हणजे बियाण्याची छत्री. छत्री शाबूत असेतोवर बाहेर कितीही पाऊस पडो.

आता प्रश्न असा, की सुरक्षेच्या तपासणीत या छत्रीचं काय होतं?

ज्या वर्षी किरणांनी खरोखर घात केला

सप्टेंबर आणि ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकेत काही लखोट्यांतून अँथ्रॅक्सचे बीजाणू पाठवले गेले. वृत्तसंस्थांना आणि दोन सिनेटरांना गेलेल्या या पत्रांमुळे २२ जणांना लागण झाली, त्यांतले ५ दगावले. त्यांत टपाल वर्गवारीच्या कार्यालयात काम करणारी माणसंही होती. पत्र उघडलं नाही तरी यंत्राच्या रुळांत दाबलं जाऊन त्यातली पूड हवेत जाते, हे तेव्हा कळलं.

मग अमेरिकी टपालखात्यानं इलेक्ट्रॉन किरणांचा आसरा घेतला. संशयित टपाल ओहायो आणि न्यू जर्सीतल्या निर्जंतुकीकरण कारखान्यांत नेऊन त्यावर किरणांचा मारा सुरू झाला. तो किती जबर होता हे समजायला एक एकक माहीत हवं. एक किलो पदार्थात एक ज्यूल ऊर्जा मुरली की तो एक ‘ग्रे’. अँथ्रॅक्सचे बीजाणू इतके चिवट, की पत्रांना ५० हजार ग्रेच्या घरातला मारा द्यावा लागला. कागद पिवळा पडून ठिसूळ झाला, प्लॅस्टिक वितळून चिकटलं, छायाचित्रं खराब झाली.

या आकड्याशेजारी आपल्या ओळखीचे दोन आकडे ठेवू. नाशिक जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभारलेलं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ पासून चालू आहे. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून तिथे जो गॅमा किरणांचा मारा देतात, तो ६० ते ९० ग्रे इतकाच. २००७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यात किडीचं अंडं जिवंत राहू नये म्हणून ४०० ग्रे. म्हणजे कांद्यातली कोंब फुटण्याची इच्छा मारायला शंभर ग्रेसुद्धा लागत नाहीत. कोरडं बी कांद्याहून चिवट असतं, काही शे ग्रेपर्यंत ते तग धरतं. याच गुणाचा फायदा घेऊन भाभा केंद्राच्याच शास्त्रज्ञांनी बेताचे किरण देऊन भुईमुगात बदल घडवले आणि महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या ओळखीचा टीएजी-२४ हा वाण त्याच वाटेनं आला. पण बेत सुटून मारा हजारांत गेला, की बियाण्यातून रोप उभं राहत नाही. पन्नास हजारांत तर प्रश्नच मिटला.

वर्षभराचा धंदा हिवाळ्यात पोस्टानं करणाऱ्या अमेरिकेतल्या बागबियाण्यांच्या व्यापाऱ्यांपुढे तेव्हा असा पेच होता: सगळंच टपाल किरणांखालून जाऊ लागलं, तर गिऱ्हाइकाला मिळेल ते दिसायला बी आणि असायला खडा. पाकीट बंद, रंग तोच, आकार तोच, फक्त जीव गेलेला, आणि कुंडीत दोन-तीन आठवडे वाट पाहिल्याखेरीज ते कळणारही नाही. पुढे किरणांचा मारा मुख्यतः वॉशिंग्टनमधल्या सरकारी कार्यालयांच्या टपालापुरता राहिला, आणि धंदा वाचला. सुरक्षेचा उपाय बियाण्याला थेट ठार मारू शकतो, याचा हा एक खराखुरा दाखला.

यंत्र निरुपद्रवी, कात्री घातक

त्या एका प्रसंगामुळे एक गैरसमज मात्र टिकून राहिला: पोस्टाच्या किंवा विमानतळाच्या ‘एक्स-रे’तून गेलं की बी मरतं. विमानानं जाणाऱ्या टपालाच्या थैल्यांची सुरक्षा तपासणी होते हे खरं. पण सामान तपासणाऱ्या यंत्रातल्या एका फेरीचा मारा मायक्रोग्रेत मोजतात. मायक्रोग्रे म्हणजे ग्रेचा दहा लाखावा भाग. लासलगावच्या कांद्याएवढा मारा खायचा तर आपल्या पाकिटाला त्या यंत्रातून लाखो फेऱ्या माराव्या लागतील. उगवण झाली नाही म्हणून यंत्राला दोष देणाऱ्यानं आधी पाकिटावरची तारीख पाहावी.

बियाण्याला खरी भीती यंत्रानंतरच्या पायरीची असते. पडद्यावर काहीतरी संशयास्पद दिसलं की पाकीट बाजूला काढलं जातं. बाजूला काढलेलं पाकीट थांबतं, आणि थांबणं म्हणजे ऊन, दमट हवा आणि दिवस. मग कुणीतरी ते उघडतं. चांदीच्या पाकिटाला कात्री लागली की छत्री फाटली. वर चिकटपट्टी लावून ते पुढे पाठवलं तरी ६ टक्क्यांवर सुकवलेलं बी आता हवेतली ओल पिऊ लागतं. तपासणाऱ्याच्या दृष्टीनं वस्तू जशीच्या तशी पोचली, एक दाणा कमी नाही. बियाण्याच्या दृष्टीनं उलटी गिनती सुरू झाली.

बियाण्याचं पाकीट संशय ओढवून घेतं यातही नवल नाही. मका, भेंडी, काकडी अशा बियांना थायरम किंवा कॅप्टनसारखं बुरशीनाशक चोळलेलं असतं, आणि ते विष आहे हे डोळ्यांना कळावं म्हणून त्यात गुलाबी, लाल किंवा निळा रंग घालतात. पाकिटाचा कोपरा फाटला तर त्यातून रंगीत पूड सांडते. ओल शोषायला घातलेली पुडी फुटली तर पांढरे दाणे पडतात. २००१ नंतर जगभर, भारतातही, पांढरी पूड घातलेल्या खोडसाळ पत्रांनी पोस्टाच्या माणसांची झोप उडवली होती. पुण्यानं तर १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत एका बेवारस पिशवीतल्या बॉम्बनं काय होतं ते पाहिलंय. त्यानंतर वर्गवारीच्या टेबलावर गुलाबी पूड गळणारं पाकीट पाहून कुणी दोन पावलं मागं सरला, तर त्याला हसण्याचा हक्क आपल्याला नाही.

हे विक्रेत्यानं ओळखायचं असतं. बी आतल्या सीलबंद पाकिटात, त्यावर जाड कागद, वर ठळक अक्षरांत ‘पेरणीचे बियाणे’, आत पावती, आणि औषध चोळलेलं असेल तर कायद्यानं सांगितलेली विषाची सूचना. एवढं केलं की कात्री लागण्याची शक्यता पुष्कळ कमी होते.

न मागवलेलं बी

२०२० चा उन्हाळा. कोरोनानं घरात कोंडलेले लोक कुंड्यांकडे वळलेले. अमेरिकेत हजारो लोकांच्या दारात चीनहून आलेली छोटी पाकिटं पडू लागली. वर ‘दागिने’ असं लिहिलेलं, आत बी. अमेरिकेच्या कृषी खात्यानं तपासलं तेव्हा मोहरी, कोबी, पुदिना, गुलाब, जास्वंद असली साधीच नावं निघाली. खोटी विक्री दाखवून स्वतःच्या दुकानाला बनावट शाबासकी मिळवण्याची ही युक्ती असावी, असं खात्याचं म्हणणं पडलं. काही पाकिटं तर लोकांनी स्वतःच मागवून विसरलेली होती, असं पुढे एका पत्रकाराच्या शोधात दिसलं. ऑगस्ट २०२० मध्ये भारताच्या कृषी मंत्रालयानंही राज्यांना, कृषी विद्यापीठांना आणि बियाणे संघटनांना अशा अनाहूत पाकिटांबद्दल सावध केलं. सप्टेंबरात ॲमेझॉननं परदेशांतून अमेरिकेत रोपं आणि बी विकणं बंद केलं.

इतका गहजब कशाला, असं वाटणाऱ्यानं पुण्याच्या कुठल्याही मोकळ्या प्लॉटवर नजर टाकावी. पांढऱ्या बारीक फुलांचं गाजर गवत, ज्याला लोक काँग्रेस गवतही म्हणतात, भारतात प्रथम नोंदलं गेलं ते पुण्यात, १९५५ च्या सुमारास. अमेरिकेहून आलेल्या गव्हातून त्याचं बी आलं, असं मानलं जातं. आज ते काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत आहे. अंगाला खाज, दमा, जनावरांना त्रास, हे सगळं त्याच्यासोबत आलं. बॉम्ब एकदा फुटतो आणि संपतो. आगंतुक बी दर वर्षी नव्यानं फुटतं.

म्हणून बियाण्याच्या बाबतीत टपालाची सुरक्षा दुहेरी आहे. एक माणसांच्या जिवासाठी, दुसरी शेतीच्या. दुसरीची मुळं १९१४ च्या विध्वंसक कीड व रोग कायद्यात आहेत. त्याच कायद्याखालचा २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश सांगतो, की परदेशातून बी आणायचं तर आयात परवाना हवा आणि निघाल्या देशाचा रोगमुक्ततेचा दाखला हवा. टपालखात्याचा १८९८ चा जुना कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला. देशाची सुरक्षा, सार्वजनिक शांतता, आणीबाणी, लोकांची सुरक्षितता अशा कारणांसाठी किंवा कुठल्याही कायद्याचा भंग होत असेल तर टपाल अडवण्याचा आणि उघडण्याचा अधिकार त्यात सरकारला आहे. संकेतस्थळावर दिसलेलं निळ्या टोमॅटोचं स्वस्त परदेशी बी मागवणाऱ्या थेरगावकरानं हे ध्यानात ठेवावं. ते अडलं तर पोस्टाची चूक नसते.

भुर्दंड कुणाला

मोठ्या कंपनीला हे सगळं पेलतं. बियाणे नियंत्रण आदेश १९८३ प्रमाणे विक्रीचा परवाना, लॉट नंबर, चाचणीची तारीख, उगवणीची टक्केवारी, वैधतेची मुदत हे तिच्या छापखान्यात आपोआप छापलं जातं. कुरिअरशी तिचा ठराव असतो. वीस-पंचवीस देशी वाण जपून पाकिटं घरी भरणाऱ्या माणसाची गत निराळी. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. पाकिटाचा माग लागतो, ही सोय खरी. पण पन्नास रुपयांच्या बियांवर टपालाचा खर्चच बियांच्या किमतीला टेकू लागला, तर गिऱ्हाईक दोनदा विचार करतं.

या माणसांकडे पाहायचं ते अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्यासारख्यांच्या कामाच्या पार्श्वभूमीवर. त्यांना २०२० चा पद्मश्री मिळाला तो गावरान बी जपल्याबद्दल आणि वाटल्याबद्दल. वाणांचे हक्क ठरवणारा २००१ चा कायदा शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातलं बी जपायची, वाटायची आणि विकायचीही मुभा देतो, फक्त संरक्षित वाणाचं बी छापील नावाच्या पाकिटात भरून विकता येत नाही. शेतकरी शेतकऱ्याच्या ओंजळीत बी घालतो तोवर प्रश्न नाही. तेच बी लखोट्यात गेलं की कागदपत्रांच्या जगात शिरतं.

आयटी कंपन्यांची हिंजवडी थेरगावपासून जवळच, आणि तिथून पुढची वाट अनेक घरांत न्यू जर्सीला जाते. तिकडच्या मुलीला गावठी गवार, लाल माठ परसात लावायचा असतो आणि आई फराळाच्या डब्यात बियांची पुडी सरकवते. अमेरिकेत मात्र तीळ खाऊ म्हणून वेगळा आणि पेरायचं बी वेगळं. पेरायच्या बियांना रोगमुक्ततेचा दाखला हवा किंवा ‘स्मॉल लॉट्स’चा परवाना हवा. या परवान्यावर एका पुडीत एका जातीच्या ५० बिया किंवा १० ग्रॅम, आणि एका खोक्यात ५० पुड्या पाठवता येतात. ते खोकं थेट घरी न जाता आधी तपासणी केंद्रात जातं. परवाना तिकडच्या मुलीनं काढायचा असतो, इकडच्या आईनं नाही. तेवढं एक केलं तर पुडी पोचते. न केलं तर ती जप्त होते, आणि फराळही अडकू शकतो. २०२५ मध्ये तर जकातीच्या नव्या नियमांमुळे ऑगस्टच्या अखेरीपासून १५ ऑक्टोबरपर्यंत अमेरिकेला पोस्टानं वस्तू जाणंच थांबलं होतं, ऐन दिवाळीच्या तोंडावर.

पाकीट हातात आल्यावर

बी मागवायचं ते उन्हाळ्याच्या ऐन तडाख्यात नको. खरिपाचं एप्रिलआधी मागवा आणि कोरड्या बरणीत ठेवा. पाकीट आलं की चाचणीची तारीख आणि वैधतेची मुदत पाहा. सील तुटलेलं दिसलं तर तेव्हाच छायाचित्र काढून विक्रेत्याला कळवा. मग वीस बिया मोजून ओल्या सुती फडक्यात गुंडाळा, फडकं झाकणाच्या डब्यात ठेवा, दिवसातून एकदा पाणी शिंपडा. टोमॅटो आणि वांग्याला आठ-दहा दिवस द्या, मिरचीला दोन आठवडे. वैध बियाण्याची किमान उगवण टोमॅटो आणि वांग्यात ७० टक्के, भेंडीत ६५ आणि मिरचीत ६० धरलेली आहे. वीसपैकी चौदा टोमॅटो उगवले तर पोस्टानं, यंत्रानं आणि विक्रेत्यानं आपापलं काम नीट केलं. सहा-सातच उगवले तर दोष हवेचा, वेळेचा की मुळातल्या बियाण्याचा, हे भांडायला हातात पुरावा आहे.

आणि न मागवलेलं पाकीट आलंच, तर कुतूहल म्हणूनही कुंडीत लावू नका, कचऱ्यात टाकू नका, नदीत तर मुळीच नाही. लखोट्यासकट कृषी कार्यालयात नेऊन द्या. पवनेत एक पाहुणी आधीच सगळ्यांना पुरून उरली आहे.